पिशवीतली जांभळी वीज: ‘थंड प्लाझ्मा’ आहे तरी काय?

आमच्या ठाण्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा एक जाहिरात फिरली. ‘प्लाझ्मा तंत्रज्ञानाने भाज्यांवरचं ९९.९ टक्के विष नष्ट! पाणी नको, केमिकल नको.’ खाली कुकरच्या आकाराच्या एका यंत्राचा फोटो आणि सवलत रविवारपर्यंत. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात गाठून मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. “काय रे, हा प्लाझ्मा म्हणजे कोविडात रक्तातून काढायचे तोच ना? तो भाजीला कशाला?”

मी बरीच वर्षं रबाळ्याच्या एमआयडीसीत पॅकिंगच्या पिशव्या बनवणाऱ्या कारखान्यात काढली आहेत. त्यामुळे प्लग असलेली कुठलीही वस्तू इमारतीत आली की तिची चौकशी माझ्याकडे येते. यावेळी मात्र प्रश्न खरोखर माझ्या गल्लीतला होता. कारण हा प्लाझ्मा मी रोज बघायचो, त्याचा वासही घ्यायचो. फक्त त्याला आम्ही त्या नावाने हाक मारत नव्हतो.

भाजीच्या यंत्राकडे शेवटी येऊ. या विषयाचा खरा दरवाजा मसाल्यात आहे. एप्रिल २०२४ मध्ये सिंगापूर आणि हाँगकाँगने काही भारतीय मसाले बाजारातून मागे घ्यायला लावले, ते आठवत असेल. आक्षेप होता इथिलीन ऑक्साइड या वायूच्या अंशावर. मसाल्यातले जंतू मारायला हा वायू वापरतात, आणि तो माणसात कर्करोग घडवणारा म्हणून सिद्ध झालेला आहे. मग तिखट-हळद निर्जंतुक करायची कशी? या प्रश्नाची जी उत्तरं प्रयोगशाळांत तपासली जातात, त्यातल्या एकाचं नाव लांबलचक आहे: हाय-व्होल्टेज ॲटमॉस्फेरिक कोल्ड प्लाझ्मा. हे नाव शेवटून सुरुवातीकडे उलगडत नेलं की अर्ध काम होतं.

आधी ‘प्लाझ्मा’

बर्फाला उष्णता दिली की पाणी, पाण्याला दिली की वाफ. वायूला आणखी ऊर्जा देत गेलं की अणू-रेणूंना चिकटलेले इलेक्ट्रॉन सुटे होतात. सुटे इलेक्ट्रॉन आणि मागे उरलेले विद्युतभारित अणू-रेणू, म्हणजे आयन, यांची ही सरमिसळ म्हणजे प्लाझ्मा. सूर्य प्लाझ्माचा आहे, आकाशातली वीज प्लाझ्मा आहे, आणि एलईडी येण्याआधी घरोघरी असलेल्या ट्यूबलाइटच्या आतही तोच चमकायचा. विल्यम क्रुक्स यांनी १८७९ मध्ये पदार्थाच्या या चौथ्या अवस्थेबद्दल सांगितलं. ‘प्लाझ्मा’ हे नाव दिलं अमेरिकेच्या आयर्विंग लँगम्युअर यांनी, १९२८ साली. इथे काकूंची शंका अगदीच गैर नव्हती. वायूतून वाहणारे इलेक्ट्रॉन-आयन पाहून लँगम्युअरना रक्तपेशी वाहून नेणाऱ्या रक्तद्रवाची आठवण झाली, असं त्यांच्या एका सहकाऱ्याने पुढे लिहिलं आहे. दोघांचं नातं तेवढंच, नावापुरतं.

मग तो ‘थंड’ कसा?

सूर्य प्लाझ्माचा आणि प्लाझ्मा थंड, हे एका दमात गळी उतरत नाही. दिवाळीतली फुलबाजी आठवा. तिच्या उडणाऱ्या ठिणग्या हजार अंशांच्या घरात तापलेल्या असतात. तरी हातावर पडल्या तर नुसतं चुरचुरतं, भाजत नाही. कारण ठिणगी अतिशय तापलेली असली तरी एवढीशी असते. तिच्याकडे देण्याजोगी उष्णताच नसते.

प्लाझ्मात हेच इलेक्ट्रॉनच्या बाबतीत घडतं. नायट्रोजनचा एक रेणू इलेक्ट्रॉनपेक्षा सुमारे ५१ हजार पटींनी जड असतो. मोहरीचा एक दाणा आणि मध्यम कांदा, हे साधारण तेच प्रमाण. आता मोहरी कितीही वेगाने कांद्यावर आपटली तरी कांदा जागचा हलेल का? इलेक्ट्रॉन भन्नाट वेगाने धावतात, रेणूंवर आदळतात, पण रेणूंना पळवू शकत नाहीत. आणि वायू गरम होणं म्हणजे त्याच्या रेणूंचं वेगात पळणंच असतं. ट्यूबलाइटमध्ये इलेक्ट्रॉनचं तापमान ११ हजार अंशांच्या आसपास मोजतात, आणि चालू ट्यूबच्या काचेला आपण हात लावू शकतो.

मात्र या मोहरीत एक गंमत आहे. ती कांदा हलवू शकत नसली, तरी त्याची साल फोडू शकते. म्हणजे इलेक्ट्रॉनच्या धडकेने रेणू तापत नाही, पण तुटतो. थंड प्लाझ्माचा सगळा उपयोग या एका गोष्टीवर उभा आहे: उष्णतेशिवाय रसायन.

खोलीतली हवा आणि ऐंशी हजार व्होल्ट

ट्यूबलाइटमधली हवा काढून आत विरळ वायू भरलेला असतो. विरळ वायूत प्लाझ्मा सहज पेटतो. पण तिखटाची पोती किंवा स्ट्रॉबेरीच्या पेट्या एकामागून एक निर्वात डब्यात घालत बसणं कोणाला परवडेल? म्हणून ‘ॲटमॉस्फेरिक’: नेहमीच्या दाबाच्या, आपल्या-तुपल्या हवेतच प्लाझ्मा तयार करायचा.

हवा मात्र हट्टी. एक मिलिमीटर हवा फोडून वीज पलीकडे न्यायला साधारण ३ हजार व्होल्ट लागतात. गॅसचा लायटर टिक करतो तेव्हा त्या इवल्याशा फटीत दहा हजारांच्या घरात व्होल्ट असतात. तरी झटका सोसवतो, कारण विजेचा प्रवाह नगण्य असतो. आता भाजीची पिशवी मावेल एवढी, काही सेंटिमीटरची फट घेतली तर? या तंत्रात म्हणूनच ६० ते ९० हजार व्होल्ट वापरतात. ठाणे-वाशी लोकलवरच्या तारेत २५ हजार असतात, त्याच्या तिप्पट धरा.

एवढा दाब दिल्यावर कडकन एक जाड ठिणगी पडून पिशवीचा कोळसा व्हायला हवा. तो होत नाही, कारण दोन धातूच्या पट्ट्यांच्या मध्ये वीज अडवणारा थर ठेवतात. जांभळी ठिणगी निघते, थराच्या पृष्ठभागावर वीज साचते, आणि साचलेली वीजच मागून येणाऱ्या विजेला रोखते. आपल्या लोकलच्या दारात चढलेले चार जण दारातच उभे राहून मागच्यांना चढू देत नाहीत, तसं. ठिणगी मोठी व्हायच्या आत विझते. तेवढ्यात प्रवाहाची दिशा उलटते आणि सगळं विरुद्ध बाजूने सुरू होतं. मोठ्या वणव्याऐवजी असंख्य बारीक ठिणग्यांचा सडा पडतो. ही युक्ती वेर्नर फॉन सीमेन्स यांनी १८५७ मध्येच ओझोन बनवण्यासाठी काढली होती. तंत्र नवं म्हणून विकलं जातंय, पण मुळाचं वय दीडशेच्या वर आहे.

फुकटात बघायचं असेल तर पावसाळ्यात कळवा-ऐरोलीकडे उच्चदाबाच्या मनोऱ्यांजवळून जाताना कान द्या. ओल्या तारांभोवती चर्रर्र असा जो आवाज येतो तो थंड प्लाझ्माचाच. अंधाऱ्या रात्री कधीकधी निळसर झाकही दिसते.

बंद पिशवीत काय घडतं

अमेरिकेतलं पर्ड्यू विद्यापीठ आणि आयर्लंडमधली डब्लिनची तंत्रसंस्था इथल्या संशोधकांनी हे तंत्र अन्नासाठी पुढे नेलं. त्यातली मला सर्वांत आवडलेली कल्पना साधी आहे. पदार्थ आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत किंवा डब्यात सीलबंद करायचा. मग तो दोन पट्ट्यांच्या मध्ये ठेवून वीज सोडायची. प्लाझ्मा पिशवीच्या आत पेटतो, पट्ट्या बाहेरच राहतात. काही मिनिटांत वीज बंद.

पण काम तिथे संपत नाही. पिशवीतल्याच हवेतून ओझोन, नायट्रोजनची ऑक्साइडं, हायड्रोजन पेरॉक्साइड असे झोंबरे रेणू तयार झालेले असतात. ते जिवाणूंच्या आवरणाला भोकं पाडतात, आतली प्रथिनं आणि डीएनए बिघडवतात. वीज बंद झाल्यावरही कित्येक तास हे चालू राहतं. कोकणात आंबा अढीत घालून झाकून ठेवतात आणि आत कोंडलेला वायू बाकीचं काम करतो, तशातलाच हा प्रकार. म्हणून प्रयोगांत बरेचदा पिशव्या २४ तास न उघडता ठेवतात. तोवर बहुतेक ओझोनचा पुन्हा साधा ऑक्सिजन झालेला असतो. आणि पिशवी आधीच बंद असल्याने नंतर कोणाचा हात, माशी, धूळ लागून पुन्हा जंतू शिरण्याची वाट उरत नाही.

हे तुम्ही आधीपासून वापरताय

स्टेशनवर घेतलेल्या पाण्याच्या बाटलीवर ‘ओझोनाइज्ड’ असं लिहिलेलं असतं. तो ओझोन बहुधा सीमेन्स यांच्याच युक्तीने बनतो. फ्रान्समधल्या नीस शहरात १९०६ पासून नळाचं पाणी ओझोनने शुद्ध करायला सुरुवात झाली होती.

आणि वेफर्सचं पाकीट. प्लॅस्टिकच्या गुळगुळीत फिल्मवर शाई टिकत नाही, तव्यावर पाण्याचे थेंब नाचावेत तशी ती गोळा होते. म्हणून छपाईआधी फिल्म उच्च व्होल्टेजच्या दांड्याखालून सरकवतात. जांभळ्या ठिणग्यांची झालर फिल्मवर खेळते, पृष्ठभागाचे रेणू तुटून त्यांना ऑक्सिजन चिकटतो आणि शाई घट्ट धरते. आमच्या कारखान्यात याला ‘कोरोना ट्रीटमेंट’ म्हणायचे, आजही म्हणतात. २०२० मध्ये नवीन पोरांना मशीनवर ‘कोरोना चालू’ अशी पाटी दिसली की ती दचकायची. त्या मशीनपाशी एक तिखट, काहीसा क्लोरीनसारखा वास यायचा. तोच ओझोनचा. वास घालवायला वर एक्झॉस्ट असायचा, आणि तो बंद पडला की सुपरवायझर मशीन थांबवायचा. हे पुढच्या एका मुद्द्यासाठी लक्षात ठेवा.

गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेने हेच तंत्र अंगोरा सशाच्या लोकरीवर वापरलं. ती लोकर इतकी गुळगुळीत की सुताला धरूनच राहत नाही. प्लाझ्माने केसाचा पृष्ठभाग किंचित खरखरीत केला की कातायला सोपी जाते.

वाशीच्या मसाला मार्केटमधून पाहिलं तर

मिरी, मिरची, हळद उघड्यावर वाळतात. त्यांच्यावर बुरशीची आणि जिवाणूंची बीजं असणार, हे गृहीतच. ती मारायला आज तीन वाटा आहेत. एक, वाफ. पण वाफेने मसाल्यातली उडनशील तेलं, म्हणजे वासच जातो. दोन, इथिलीन ऑक्साइड, ज्याची कथा वर आली. तीन, गॅमा किरण. ही तिसरी सोय थेट आपल्या वाशीत आहे: अणुऊर्जा विभागाच्या ‘ब्रिट’ या संस्थेचं मसाले किरणांनी निर्जंतुक करणारं केंद्र तिथे २००० सालापासून चालतं.

थंड प्लाझ्मा ही चौथी वाट होऊ शकते. उष्णता नाही, बाहेरून आणलेलं विष नाही, गॅमा किरण देणारा किरणोत्सारी कोबाल्ट सांभाळण्याचा व्याप नाही. लागते ती हवा आणि वीज. अडचण अशी की तो फक्त पृष्ठभागावर काम करतो. अख्ख्या मिरीच्या दाण्याभोवती वायू फिरू शकतो. तिखटाच्या ढिगात तो वरच्या थरातच खर्च होतो. पूड सतत हलवत, उडवत ठेवावी लागते. शिवाय जिवाणूंची कवचबंद बीजं नेहमीच्या जिवाणूंपेक्षा कितीतरी चिवट. आणि प्रक्रिया जास्त वेळ केली तर मिरचीचा लाल रंगच फिका पडू शकतो, कारण रंगद्रव्यालाही ओझोन सोडत नाही. लाल रंगावर भाव ठरणाऱ्या मालात हे कोण चालवून घेईल? मला स्वतःला वाटतं, मसाल्यांत या तंत्राचा पहिला गंभीर उपयोग झाला तर तो अख्ख्या दाण्यांवर होईल, पुडीवर नाही.

शेंगदाण्यातलं अदृश्य विष

इथे मला प्लाझ्माकडून जास्त आशा वाटते. दमट हवेत साठवलेल्या भुईमूग आणि मक्यावर एक हिरवट-पिवळी बुरशी येते आणि अफ्लाटॉक्सिन नावाचं विष सोडते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाच्या आसपास टर्की पक्षी मेले तेव्हा हे विष उजेडात आलं. आपल्याकडे १९७४ मध्ये राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातमधल्या पंचमहाल भागात बुरशी लागलेला मका खाऊन शंभरहून अधिक माणसं दगावली. यकृतावर घाला घालणारं हे विष नेहमीच्या शिजवण्याने जात नाही. बुरशी मेली तरी विष तसंच राहतं. धान्यात त्याची आपल्याकडची कमाल मर्यादा किलोमागे १५ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे एका टनात १५ मिलिग्रॅम, मिठाच्या चिमटीहूनही कमी.

या विषाच्या रेणूत एक नाजूक सांधा आहे. त्याच सांध्यामुळे तो यकृतात गेल्यावर घातक होतो, आणि ओझोन नेमका तिथेच घाव घालतो. पर्ड्यूच्या प्रयोगात मक्यातलं अफ्लाटॉक्सिन दहा मिनिटांच्या प्रक्रियेनंतर ऐंशी टक्क्यांच्या आसपास कमी झालं. प्रयोगशाळेतल्या मूठभर मक्यावर, हेही सांगायला हवं. वाशीच्या दाणा बंदरात उतरणारा ट्रक म्हणजे मूठभर मका नव्हे. शेंगदाण्यात आणखी एक गोम: त्यात तेल भरपूर. प्लाझ्मा तेलालाही सोडत नाही, आणि जास्त झालं की दाण्याला खवट वास येतो.

आंब्याच्या कोयीपाशी गाडी अडते

“मग हापूसला पण हेच करा की,” काकू म्हणाल्या. नाही जमणार. अमेरिकेला आंबा पाठवताना त्यांची खरी भीती सालीवरच्या जंतूंची नाही, कोयीत लपलेल्या भुंग्याची आणि गरातल्या फळमाशीच्या अळीची आहे. प्लाझ्माचे झोंबरे रेणू सालीपाशीच संपतात. गॅमा किरण मात्र कोयीच्या आरपार जातात. म्हणून २००७ मध्ये अमेरिकेचा बाजार पुन्हा उघडला तो विकिरण केलेल्या आंब्यासाठी, आधी लासलगावच्या केंद्रातून आणि पुढे वाशीच्याही. विकिरणाची ही मात्रा ४०० ग्रे (ग्रे म्हणजे शोषलेल्या किरणांचं माप) इतकी ठरलेली आहे. सालीवरची बुरशी रोखून फळ दोन-चार दिवस जास्त टिकवणं, इतपत काम प्लाझ्माला देता येईल. स्ट्रॉबेरीसारख्या फळाला तेवढंही पुष्कळ असतं.

“म्हणजे हे पण रेडिएशनच की!”

नाही. यात किरणोत्सारी पदार्थ कुठेच नसतो. थोडे अतिनील किरण निघतात, पण ते उन्हातही असतात. आणि जाता जाता: गॅमा किरणांनीही आंबा किरणोत्सारी होत नाही, जसा एक्स-रे काढल्याने हात होत नाही.

रास्त आक्षेप वेगळेच आहेत. पिशवीत नायट्रोजनची ऑक्साइडं तयार होतात म्हणजे ओलसर पदार्थात थोडे नायट्रेट-नायट्राइट उतरणार. ते मोजायलाच हवेत. पालेभाजीतलं क जीवनसत्त्व काही प्रमाणात घटू शकतं. मासे, दूध, सुका मेवा यांत चरबीमुळे चव बिघडण्याचा धोका मोठा. वीज किती खाईल, हा लोकांचा लाडका प्रश्न मात्र फारसा गंभीर नाही. व्होल्ट प्रचंड असले तरी प्रवाह बारीक असतो. खर्च यंत्राचा आणि सुरक्षिततेचा.

दवाखान्यांत या तंत्राने वेगळी वाट धरली आहे. न भरणाऱ्या जखमांवर आरगॉन वायूच्या प्लाझ्माची बारीक धार सोडणाऱ्या एका जर्मन उपकरणाला २०१३ मध्ये युरोपात वैद्यकीय मान्यता मिळाली. धार त्वचेला नुसती कोमट लागते. मधुमेहींच्या पायावरच्या चिघळणाऱ्या जखमांसाठी त्यावर काम चालू आहे, पण तो सगळा डॉक्टरांच्या हातातला मामला.

आता ते भाजीचं यंत्र

कीटकनाशकाचा अंश प्लाझ्माने कमी होतो, हे प्रयोगांत दिसलं आहे. पण ‘कमी झाला’ म्हणजे त्याचं काय झालं? क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक घ्या. त्याचं ऑक्सिडीकरण अर्धवट झालं तर त्यातून ‘ऑक्सॉन’ नावाचं रूप तयार होतं, आणि ते मज्जासंस्थेला मूळ औषधापेक्षा जास्त मारक असतं. पुढे तेही तुटतं, पण त्यासाठी वेळ आणि मात्रा पुरेशी हवी. चाचणीत फक्त मूळ औषध शोधलं तर अहवाल छान येणार. शिवाय जे औषध पानाच्या आत मुरलं आहे, तिथवर ही वीज पोचतच नाही.

दुसरा मुद्दा त्या एक्झॉस्टचा. ओझोन फुप्फुसांना वाईट. हवेत आठ तासांच्या सरासरीने घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम ही आपल्या देशातली मर्यादा आहे. कारखान्यात ज्या वासाने मशीन थांबायची, तो वास खिडकी बंद असलेल्या आठ बाय सातच्या स्वयंपाकघरात रोज काढणं मला तरी पटत नाही, त्यात घरात कोणाला दमा असेल तर नाहीच.

काकूंना मी तीन प्रश्न लिहून दिले. यंत्र किती ओझोन बाहेर सोडतं, किलोभर भाजीला किती वेळ लागतो, आणि औषध तुटून त्याचं काय बनतं याची चाचणी झाली आहे का. त्यांनी ते जसेच्या तसे ग्रुपवर टाकले. संध्याकाळी उत्तर आलं: “मॅडम, कंपनीला विचारून सांगतो. ऑफर पुढच्या रविवारपर्यंत वाढवली आहे.”

काकू तोवर जांभळी नाक्यावरून मेथीच्या दोन जुड्या घेऊन आल्या होत्या आणि नळाखाली तीनदा धूत होत्या.